टाइमशिफ्ट टाकायचं कसं आणि मुख्य म्हणजे काढायचं कसं

टाइमशिफ्ट हे लिनक्सवर सिस्टमच्या त्या-त्या वेळच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट, घेऊन ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनक्सवर बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकणं दोन मिनिटांचं काम आहे, लोक अडकतात ते काढताना, कारण सॉफ्टवेअर उडवलं की डिस्कपण मोकळी होईल असं वाटतं आणि तसं काही होत नाही. म्हणून टाकण्याचं पटकन उरकतो. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

लिनक्स मिंट असेल तर टाइमशिफ्ट आधीपासूनच असतं, मेनूत शोधा. उबुंटूवर "सुडो एपीटी अपडेट" आणि मग "सुडो एपीटी इन्स्टॉल टाइमशिफ्ट", बस. जुन्या गाइडमध्ये पीपीए (सॉफ्टवेअरचा बाहेरचा साठा) अॅड करायला सांगतात, आता त्याची काही गरज नाही, ते उबुंटूच्या रिपॉझिटरीतच, म्हणजे स्वतःच्या साठ्यातच आहे.

पहिल्यांदा उघडलं की विचारतं आरसिंक (फाइली कॉपी करून स्नॅपशॉट) की बीटीआरएफएस (त्याच नावाच्या फाइलसिस्टमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीची, स्वतःची स्नॅपशॉटची सोय). इन्स्टॉल करताना मुद्दाम बीटीआरएफएस निवडलं नसेल तर तुमची सिस्टम बहुतेक ईएक्सटी4 वर असणार, म्हणजे डोळे झाकून आरसिंक. पुढे जागा निवडायची, तिथे विंडोजमधून आलेला एनटीएफएसवाला एक्स्टर्नल ड्राइव्ह चालत नाही, लिनक्सची फाइलसिस्टम लागते. आणि हे नीट लक्षात घ्या की टाइमशिफ्ट सिस्टमच्या फाइली जपतं, होम फोल्डर डिफॉल्टने वगळलेलं असतं, त्यामुळे फोटो आणि डॉक्युमेंटसाठी देजा डूप वगैरे फाइलींच्या बॅकअपचं सॉफ्टवेअर वेगळं ठेवावंच लागतं.

आता काढायचं. आधी स्नॅपशॉट डिलीट करायचे, सॉफ्टवेअर नंतर, उलटं केलंत तर सॉफ्टवेअर जातं आणि स्नॅपशॉट निवडलेल्या पार्टिशनवर टाइमशिफ्ट नावाच्या फोल्डरात तसेच पडून राहतात, मग डिस्क भरली की माणूस डोकं खाजवत बसतो. अॅपमध्येच सगळे स्नॅपशॉट सिलेक्ट करून डिलीट मारा, किंवा टर्मिनलमधून "सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट" करून आधी काय काय आहे ते बघा आणि मग "सुडो टाइमशिफ्ट --डिलीट-ऑल". चारपाच स्नॅपशॉटपैकी एकच उडवला तर जागा फारशी सुटत नाही, कारण न बदललेल्या फाइली हार्ड लिंकने (एकाच फाइलला अनेक नावं) सगळ्यांत सामायिक असतात, शेवटची लिंक जाईपर्यंत ती फाइल डिस्कवर राहतेच.

सॉफ्टवेअर आधीच काढून बसला असाल तर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन हाताने फोल्डर उडवायच्या भानगडीत पडू नका, एक स्पेस चुकीच्या जागी पडली तर सिस्टमच जायची. त्यापेक्षा टाइमशिफ्ट परत टाका, तीच जागा निवडा, स्नॅपशॉट डिलीट करा आणि मग काढा. हे खरंच सोपं पडतं.

त्यानंतर "सुडो एपीटी पर्ज टाइमशिफ्ट". रिमूव्ह केलं तरी चालतं पण रिमूव्ह पॅकेजच्या सेटिंगच्या फाइली मागे ठेवतं, पर्ज त्यापण नेतं. तरी एकदा ईटीसीमध्ये (सिस्टमच्या सेटिंगचं फोल्डर) टाइमशिफ्ट नावाचं फोल्डर आणि त्यातल्याच क्रॉन डॉट डीमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचं फोल्डर) त्याच नावाच्या फाइली उरल्यात का ते बघून घ्या. शेवटी आता कुणालाच न लागणारी पॅकेजं काढायला "सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह", पण ते जी यादी दाखवतं ती वाचल्याशिवाय वाय दाबायचं नाही, कधीकधी त्यात तुम्हाला हवं असलेलं काहीतरी निघतं.

देजा डूपचं थोडं वेगळं आहे. ते फ्लॅटपॅकने (सॉफ्टवेअर टाकायची एपीटीपेक्षा वेगळी सोय) टाकलं असेल तर एपीटीला ते दिसणारच नाही, "फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल" वापरायचं. ते काढलं तरी ड्राइव्हवरचा बॅकअप शाबूत राहतो आणि उद्या परत टाकून रिस्टोअर करता येतो, फक्त एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल तर तो कुठेतरी लिहून ठेवा, विसरलात तर तो बॅकअप उघडायचा दुसरा मार्ग नाही.