कोल्हापुरात नव्यानं येताय? पाइनच्या फर्निचरचं पावसाआधी बघा

लातूर, बीड, जालन्याकडून शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला येणाऱ्यांच्या टेम्पोत हल्ली पाइनचं फर्निचर हमखास दिसतं. उचलायला हलकं, सागवानापेक्षा बरंच स्वस्त, दिसायला उजळ. मीही तिकडचाच. इथं संसार थाटून बरीच वर्षं झाली, मुलं आता कोल्हापुरीच बोलतात. म्हणून आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवतो : तिकडं लाकडाला ऊन खातं, इथं ओल खाते. तिकडं वर्षानुवर्षं तक्रार न केलेलं कपाट इथं पहिल्याच तरण्या पावसात दार लावू देत नाही. तरणा म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस, त्यामागून पुष्याचा म्हातारा. जुलै महिना जवळजवळ सगळा या दोघांचा. दिवसच्या दिवस ऊन पडत नाही आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली यायला तयार नसते.

पाइन भट्टीत वाळवून येतं तेव्हा त्यात साधारण ८ ते १२ टक्के ओलावा असतो. बाहेरची हवा दमट झाली की ते पाणी ओढतं आणि फुगतं, पण फुगतं ते रुंदीत. लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. तीन फूट रुंदीचा टेबलाचा फळा पावसाळा ते उन्हाळा या काळात पाच-सात मिलिमीटर सहज कमी-जास्त होतो. म्हणून फळा खालच्या चौकटीला सगळीकडून स्क्रूनं आवळून टाकलेला असेल तर तो मार्च-एप्रिलमध्ये फाटणारच. टेबल उलटं करून बघा. स्क्रूची भोकं गोल असतील तर चौकटीतली भोकं मिस्त्रीकडून रुंदीच्या दिशेनं लांबट करून घ्या आणि स्क्रूखाली वायसर घाला. अर्ध्या तासाचं काम आहे, फळा वाचतो.

घर भाड्यानं घेताना पश्चिमेची भिंत हातानं चाचपून बघा. इथला पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळं ओल आधी त्याच भिंतीला फुटते. रंगाचे पोपडे निघालेले असतील किंवा खालच्या वीतभर भागात मिठासारखं पांढरं फुललेलं असेल, तर तिथं कपाट लावायचं नाही, घरमालकानं कालच रंग दिलेला असला तरी. कपाट कुठल्याही भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. कपाटाची पाठ बहुतेक वेळा पातळ प्लायची किंवा हार्डबोर्डची असते आणि बुरशी पहिल्यांदा तिथंच धरते. पेठांमधल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, ती पावसाळ्यात खालून दमट राहते. तिथं पायांखाली कडाप्पाचे छोटे तुकडे ठेवावेत.

पाय ही पाइनची सगळ्यात नाजूक जागा. फरशी पुसताना ओलं फडकं रोज पायाच्या टोकाला लागतं, आणि लाकडाचं कापलेलं टोक पाणी स्ट्रॉसारखं वर ओढतं. दुकानातून आलेल्या फर्निचरला वरून झकास पॉलिश असतं, पण पायांचे तळ बहुधा कोरेच असतात. खुर्ची उलटी करा, तळाला पॉलिश पेपर मारा आणि पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन-तीन हात पाजा, पुढचा हात आधीचा वाळल्यावरच. मग वर रबरी बूट किंवा नायलॉनची बटणं बसवा. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं कराच.

आता पॉलिशबद्दल सविस्तर सांगतो, कारण यातच पैसे वाया जातात. काम काढायचं ते दिवाळीनंतर, किंवा फार तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत. मृग लागल्यावर कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी थांबा. दमट हवेत लॅकर आणि मेलामाइन या प्रकारची पॉलिशं वाळताना दुधाळ पडतात, लाकडावर पांढरी साय आल्यासारखं दिसतं, आणि मग सगळं खरवडून परत करावं लागतं.

पाइनच्या गाठींमध्ये राळ असते. ती उन्हाळ्यात पाझरते आणि पॉलिशमधून पिवळट, चिकट डाग वर येतात. म्हणून १५० नंबरचा आणि मग २२० चा पॉलिश पेपर मारून झाला, की आधी फक्त गाठींवर लाख पॉलिशचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या, मेण काढलेल्या चपड्याचे, दोन हात द्यायचे. त्यानंतर पीयू सीलर, म्हणजे पॉलिशखालचा पहिला थर, मग ३२० नं हलकं घासून पीयूचे दोन हात. जेवणाच्या टेबलाला वरचा हात लाखेचा देऊ नका. लाख दिसते सुंदर, पण गरम भांडं किंवा ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. आणि इथं टेबलावर तांबड्या रश्श्याचं पातेलं येणार हे धरून चाला.

मिस्त्रीला एक गोष्ट ठासून सांगा : सगळ्या बाजूंना हात द्यायचा, फळ्याच्या खालच्या बाजूलाही. वरून बंद आणि खालून कोरा असा फळा एकाच बाजूनं ओल घेतो आणि वाकतो. बरेच जण खालची बाजू कोण बघतंय म्हणून टाळतात. तुम्ही तिथं उभे राहून करून घ्या.

जवसाच्या तेलाचा सल्लाही कुणीतरी देईल. कोरड्या गावात ठीक आहे, पण इथल्या पावसात कच्च्या तेलावर काळी बुरशी पटकन धरते. तरीही लावायचंच असेल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

जुलैत ड्रॉवर अडकला की हात शिवशिवतात, रंधा मारून टाकावा वाटतं. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीमामांचं उत्तर ठरलेलं : “आत्ता रंधा मारू नगासा, दिवाळीला आपोआप सैल हुतंय.” बरोबर आहे त्यांचं. फुगलेलं लाकूड तासलं तर हिवाळ्यात तोच ड्रॉवर खडखडतो आणि फट कायमची राहते. तोवर घासणाऱ्या कडांवर मेणबत्ती फिरवा, ड्रॉवर थोडा रिकामा ठेवा. तासायचंच असेल तर डिसेंबरमध्ये बघा, त्या वेळीही अडकत असेल तरच. उन्हाळ्यात दिसणाऱ्या बारीक भेगांचंही तसंच. त्या एम-सीलनं भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून भेग मिटायला जाते, आत कडक पुटी असली की दुसरीकडं फाटतं.

पाइन मऊ लाकूड आहे, नखानं दाबलं तरी खूण उमटते. म्हणून पोरांची दप्तरं, कुकर, मिक्सर यांच्याखाली काहीतरी हवंच. खड्डा पडलाच आणि लाकूड तुटलेलं नसेल, तर ओलं सुती फडकं घडी करून खड्ड्यावर ठेवा आणि गरम इस्त्री दोन-चार सेकंद टेकवून उचला. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. हे कोऱ्या किंवा तेल दिलेल्या लाकडावरच चालतं, पीयूवर केलं तर पॉलिश जाईल. हळदीचा डाग घासत बसू नका. पुसून घ्या आणि ती वस्तू काही दिवस खिडकीजवळच्या उजेडात ठेवा, पिवळेपणा उतरतो. मात्र पाइन स्वतः उन्हानं पिवळसर तांबूस होतं, तेव्हा टेबलावर एकाच जागी कायम रुमाल टाकून ठेवला तर खाली फिकट चौकोन राहतो.

बुरशी दिसली की आधी ते सामान गॅलरीत न्या, तोंडाला रुमाल बांधा आणि कोरड्या ब्रशनं झाडा. मग पांढऱ्या व्हिनेगरनं ओलसर केलेल्या फडक्यानं पुसून पंख्याखाली वाळवा. बुरशी पुसायला लाख पॉलिशवर स्पिरिट लावू नका, पॉलिशच विरघळतं. कपाटात अर्धवट वाळलेले कपडे ठेवणं ही बुरशीची मुख्य वाट आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दारं उघडून तासभर पंखा लावा.

शेवटचं, पुराचं. शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारमळा, नागाळा पार्कचा काही भाग, असं तळमजल्याचं घर बघत असाल तर शेजाऱ्यांना विचारा, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. बऱ्याच भिंतींवर खूण असते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ३९ ला पोचायची वाट बघू नका, पाणी भराभर वाढतंय असं कळलं की ड्रॉवर काढून वरच्या मजल्यावर न्या. लाकूड बुडालंच तर गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा, कपाटाची पाठ खोला आणि सावलीत, वारा खेळेल असं ठेवून सावकाश वाळवा. उन्हात टाकलं तर ते पिळतं आणि फाटतं. सांधे साध्या पांढऱ्या गोंदाचे असतील तर पाण्यानं सुटतात. ते वाळल्यावर वॉटरप्रूफ गोंदानं परत जोडता येतात, म्हणून सुटे झालेले भाग फेकू नका, खडूनं नंबर घालून ठेवा.