जुनी जीप घरी बांधताना: आधी चासी आणि पुढचं हाउसिंग

जुनी जीप दारात आली की पोरं आधी टायर घेतात, मग पुढचा बंपर, आणि दिवाळीपर्यंत रंग. गाडी फोटोत झकास दिसते. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूला पहिल्याच ओल्या चढावर मात्र पुढची चाकं जागची हलत नाहीत, कारण पुढच्या हाउसिंगला ताकद पोचवणारा दांडा, म्हणजे पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, कुणीतरी कधीच काढून भंगारात घातलेला असतो. मी एसटीच्या वर्कशॉपात नोकरी केली, आता घरच्या शेडमध्ये जीपच उघडतो आणि मिटवतो. माझा क्रम असा: कागद, चासी (गाडीचा सांगाडा), पुढचं हाउसिंग (पुढचा एक्सल ज्यात असतो ते), ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारा गिअरचा डबा), ब्रेक. इंजिन त्यानंतर, आणि तेही डिझेल असेल तर पंप आणि नोझल घरी उघडायचे नाहीत. ते काम पंपवाल्याचं.

कागदापासून सुरू करा, कारण तिथं फसलात तर पुढचं सगळं लोखंड वाया जातं. चासीवरचा नंबर सापडला की ब्रशनं नुसता साफ करा, ग्राइंडर लावू नका. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला छाप आरसीशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा. दुसरी गोष्ट इंधन. महिंद्राची सीजे३बी जीप मूळची पेट्रोलवर. तिच्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये गेले, इंजिनाची उंची वाढली, म्हणून तर तिचं बोनेट एवढं उंच. पुढं डिझेल स्वस्त पडतं म्हणून कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिनं बसली आणि आरसीवर पेट्रोल तसंच राहिलं. अशी गाडी स्वस्तात मिळते, पण घेऊ नका. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि प्रत्येक वेळी आरटीओचा माणूस बोनेट उघडून बघणार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर आलेल्या तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. इंजिन बदलायचंच असेल तर परवानगी आधी, स्पॅनर नंतर. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, पण ती मूळ रूपात ठेवलेल्या गाडीसाठी. ती घेऊन रोजचं फिरणं विसरा.

आता गाडी उचला. पण थांबा, हँडब्रेक ओढला म्हणून निर्धास्त होऊ नका. या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) ते चाक मोकळं फिरवतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक सुटतं. हँडब्रेक घट्ट आणि गाडी चालायला लागलेली, असा प्रकार होतो. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उटी लावा, आणि वजन जॅकवर नाही, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्या. चाकाचे नट सुटत नाहीत म्हणून पाइप घालून लटकण्याआधी स्टडवर बघा. जुन्या जीपच्या डाव्या बाजूला पुष्कळदा उलटे आटे असतात.

चासीला हातोडीनं ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, आतून गंजलेला भद्द बोलतो. पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, क्रॉस मेंबरच्या सांध्यात आणि मागच्या टोकाला जास्त ठोका, चिखल तिथंच साठून बसतो. मग चासी सरळ आहे का ते बघा. त्यासाठी ओळंबा आणि खडू पुरतो. डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या भोकांतून फरशीवर ओळंबा सोडून खुणा करा, गाडी बाजूला घ्या आणि खुणांचे कर्ण टेपनं मोजा. दोन कर्णांत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर ती चासी घरी सरळ होणार नाही, पुढचा खर्च तिथंच थांबवा.

वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीच्या वायरी आधी काढा आणि डिझेल-पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर न्या. जुन्या जीपांत ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. टाकी रिकामी केली की काम झालं असं समजू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. चासीवर ठिगळ लावताना चौकोनी तुकडा उभ्या रेघेत डकवू नका, त्या रेघेवरच ती पुढं तडकते. टोकं निमुळती करून लावा.

पुढचं हाउसिंग

जीपचा खरा जीव इथं आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथंच. आधी मागच्या-पुढच्या हाउसिंगमधल्या गिअरचं प्रमाण जुळतं का ते बघा. कुणी कधी भंगारातलं हाउसिंग घातलं असेल ते तुम्हाला कोण सांगणार? गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसची दोन्ही लिव्हर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, उटी पक्क्या. एकच चाक उचला, ते बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. पाच फेरे होऊन वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त आलं तर ५.३८, म्हणजे क्राउनला (मोठ्या गिअरला) ४३ दात आणि पिनियनला (छोट्या गिअरला) ८. पाचला जरा कमी पडलं तर ४.८८, म्हणजे ३९ आणि ८. पुढं एक आणि मागं दुसरं निघालं तर फोर-व्हील टाकू नका, गाडी स्वतःशीच भांडेल आणि ट्रान्सफर केस मरेल.

मग नकल उघडा, म्हणजे हाउसिंगच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग. चाक, ड्रम, हब काढलं की ब्रेक प्लेट वायरनं पाट्याला टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. स्पिंडल काढून एक्सल शाफ्ट क्रॉससकट (वळणाऱ्या सांध्यासकट) बाहेर ओढा. आतलं ग्रीस बघा. पांढऱ्या रश्श्यासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. काळं आणि पातळ असेल तर हाउसिंगमधलं ऑइल आतलं सील ओलांडून आलंय. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून पुसण्याआधी बघायचं. आणि सील बदलण्याआधी हाउसिंगवरचा ब्रीदर (हवा जायची वाट) साफ करा. तो चिखलानं बुजला की आतला दाब नव्या सीलमधूनही ऑइल ढकलतो. पोरं सीलवर सील बदलत राहतात आणि दोष ब्रीदरचा असतो.

नकलची वरची टोपी काढताना तिच्याखालचे शिम (पातळ चकत्या) दोऱ्यात ओवून डावे-उजवे वेगळे ठेवा. नकल खाली घेताना खालचं बेरिंग हातात झेला. नकल ज्यावर वळतं त्या हाउसिंगच्या टोकाच्या गोळ्याला गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिनाभरात कापलं जाईल. बारीक खड्ड्यांत मेटल एपॉक्सी भरून पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. खड्डे मोठे असतील तर गोळा लेथवाल्याकडं द्या. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात अशी कामं करणारी मंडळी आहेत, तुमच्या गावातही जुना टर्नर शोधा. बेरिंगचा कप आणि कोन नेहमी जोडीनंच बदला.

जोडताना महत्त्वाचा आहे तो बेरिंगवरचा ताण. मोठं सील आणि शाफ्ट न बसवता, टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) न जोडता नकल बसवा. टाय रॉडच्या भोकात हुकाचा वजनकाटा अडकवून ओढा. साडेपाच ते सात किलोच्या दरम्यान नकल वळायला हवं. सैल वळलं तर शिम कमी करा, जड गेलं तर वाढवा. रस्त्यावर पन्नासच्या वेगाला स्टिअरिंग थडथडायला लागलं की लोक बॅलन्सिंग करून घेतात, डँपर लावतात. त्याआधी हा काटा लावून बघा. शेवटी हबचं बेरिंग: चाक फिरवत नट आवळत जा, चाक जड झालं की नट एका फेऱ्याचा सहावा भाग मागं घ्या आणि लॉक करा. टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलीत ते, दोन टायरांवर खडूची रेघ मारून मोजता येतो. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी, बास.

ट्रान्सफर केसमध्ये मधला गिअर, त्याचा शाफ्ट, सुईसारखी बेरिंगं आणि दोन्ही बाजूंचे वॉशर बघा. गाडी ओरडते ती बहुधा इथून. शाफ्टला बोटानं पायरी लागली तर शाफ्टही बदला, नुसती बेरिंगं घालून भागत नाही. मागचं सील गळतं असेल तर ऑइल थेट हँडब्रेकच्या ड्रममध्ये जातं, तेव्हा हँडब्रेक धरत नाही म्हणून केबल ओढत बसू नका. प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पंचनं खूण करा. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आले नाहीत तर गाडी थरथरणार. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असतील तर जीएल-४ ऑइल, हाउसिंगमध्ये जीएल-५. दुकानदार सगळ्यात एकच द्या म्हणेल, ऐकू नका.

ब्रेक चारही ड्रमचे आणि जुन्या गाडीत सर्किट एकच. एक नळी फुटली की सगळे गेले. माझ्या मते जुन्या जीपमध्ये पैसा घालायची पहिली जागा म्हणजे नव्या नळ्या, नवे व्हील सिलिंडर आणि जमलं तर दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ड्रममध्ये हवेचा फवारा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून.

बदल कुठं करावेत

पाटे खाली बसले असतील तर पाटेवाल्याकडून वाक भरून, पाणी देऊन घ्या. यू-बोल्ट मात्र नवेच. हाउसिंग पाट्यांच्या खाली घालून गाडी सहा इंच उचलणं मला पटत नाही. शाफ्टचा कोन बिघडतो, क्रॉस खातो, स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो आणि खड्ड्यात गाडी आपोआप वळते. मोठ्या टायरांचंही तसंच. मूळ टायर ६.००-१६ चे, अरुंद. चिखल कापून खालच्या कडक जमिनीपर्यंत जातात. अवजड टायर घातला तर त्याचा भार एक्सल, स्टिअरिंग बॉक्स आणि त्याच जुन्या ड्रमवर येतो. त्याऐवजी हेडलाइटला रिले, डायनामोच्या जागी अल्टरनेटर, सीटबेल्ट आणि चासीला बोल्टनं पक्के केलेले ओढायचे हुक, एवढ्यावर खर्च करा. बुलबार बेकायदेशीर आहे, काढून टाका. महिंद्राच्या एमएम ५४० जीपच्या प्यूजो इंजिनाला हीटर प्लग असतात. थंडीत सुरू होत नसेल तर स्टार्टर खोलण्याआधी ते तपासा.

फोर-व्हीलची चाचणी डांबरावर घेऊ नका. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शिअल नाही, वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि मग लिव्हर निघता निघत नाही. तसं झालंच तर जोर लावू नका, सरळ रिव्हर्समध्ये थोडी मागं घ्या. ओल्या शेतात किंवा नदीच्या वाळूत जा, ट्रान्सफर केसचा लो गिअर टाका आणि पहिल्या गिअरात सोडा. लो मध्ये गाडी जवळजवळ अडीचपट जास्त ओढते, ॲक्सिलरेटरची गरजच पडत नाही. दोन-तीन किलोमीटर झाले की उतरून चारही हबला हात लावा. तीन कोमट आणि एक चटका देणारं असेल तर तो नट जास्त आवळलाय किंवा ब्रेक धरून बसलाय. घरी येऊन गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग कुठं पडलेत त्यावर खडूनं सीलचं नाव लिहा. आणि यू-बोल्ट दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, ते हमखास सैल होतात.