लहान मुलांवरच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात रुजू होण्याआधी

बालविकासाच्या संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी रोमानियाच्या राजधानीतला, बुखारेस्टचा अभ्यास वाचायला सांगते. २००० साली अमेरिकी संशोधकांनी तिथल्या सहा अनाथालयांतली १३६ बाळं घेतली, वय ६ ते ३१ महिने. चिठ्ठ्या टाकून निम्मी फॉस्टर कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली, निम्मी संस्थेतच राहिली. वाचताना पोटात कालवतं, आणि ते योग्यच आहे. पण पुढेही वाचा. शहरात तेव्हा फॉस्टर कुटुंबं जवळपास नव्हतीच. ती या प्रकल्पाने उभी केली. संस्थेत राहिलेल्या मुलाला कुठेही घर मिळालं, तर अभ्यासासाठी त्याला अडवायचं नाही, हा नियम होता. मुलं ५४ महिन्यांची झाल्यावर ही कुटुंबं स्थानिक प्रशासनाने सांभाळायला घेतली. तरी शेवटपर्यंत संस्थेत राहिलेल्या बाळांचा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि फॉस्टर कुटुंबांचा बुद्ध्यांकावर चांगला परिणाम दिसला म्हणून तो प्रश्न मिटतो असं मला वाटत नाही.

म्हणून मुलाखतीतच विचारा: पैसे संपल्यावर या मुलांचं काय? गोलमोल उत्तर आलं तर दुसरं काम शोधा.

आपल्याकडे परदेशी भागीदार असला की संशोधन संस्थेच्या एथिक्स कमिटीबरोबर (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. ते कागद वरिष्ठ बघतात. तुमच्या वाट्याला येते ती पालकांची संमती. अंगणवाडीत सेविकाताईंनीच आयांना बोलावलं, तर हमखास कुणीतरी हळूच विचारते, "ताई, नाही म्हटलं तर पोराचा आहार बंद होईल का?" अशा वेळी सही घेऊच नका. आहाराचा याच्याशी संबंध नाही हे सांगा, फॉर्म घरी न्यायला द्या, सासू-नवऱ्याशी बोलू द्या, दोन दिवसांनी जा.

सात वर्षांखालच्या मुलाची वेगळी संमती आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) मागत नाही, पण त्याचा नकार मात्र मानावाच लागतो. ईईजीची, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी ओली, जाळीदार टोपी डोक्यावर चढताच काही मुलं मान वळवतात, आईच्या पदरात तोंड खुपसतात. तिथेच थांबायचं. परदेशातून 'डेटा अपुरा का?' अशी मेल येतेच. त्यामुळे मूल नको म्हणालं की चाचणी बंद, ही ओळ काम सुरू होण्याआधीच प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहून घ्या; नंतर ती घालून घेणं फार जड जातं.