बदलाच्या रात्रीआधी

मोठ्या यंत्रणेत बदल करायची रात्र ठरली की पहिलं काम बॅकअप रिस्टोअर करून पाहण्याचं. बॅकअप झाल्याचा हिरवा टिक पुरेसा नाही. वेगळ्या सर्व्हरवर डेटाबेस उभा करा, शेवटची नोंद किती वाजताची आहे ते बघा आणि एकूण किती तास लागले ते लिहून ठेवा. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरला रात्री उशिरा दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायची होती. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत, शोधायला गेले तर डंपच नव्हता. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, डंप घेणारं साधन ९.२चं, म्हणून डंप रोज फसत होता. फसल्याची सूचना देणारे मेलही वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं ते त्याच इंजिनिअरने सहा तास आधी टेस्टिंगसाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीने, आणि तो कॉपी व्हायलाही अठरा तासांच्या आसपास लागले.

त्या इंजिनिअरला दोषी ठरवणं मला मुळीच पटत नाही. दोन सर्व्हरच्या नावांत फक्त एका आकड्याचा फरक असेल, तर रात्री अकराला कोणाचाही हात चुकेल. म्हणून मुख्य सर्व्हरच्या टर्मिनलला ठळक वेगळा रंग द्या. पुसणारी कमांड दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याचा होकार आल्यावरच एंटर दाबा.

कमांड एका झटक्यात किती सर्व्हर काढू शकते, याची मर्यादा साधनातच घाला. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनच्या एस-थ्री या डेटा साठवणाऱ्या सेवेत कमांडमधली एक नोंद चुकीची टाइप झाली आणि ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद पडले. स्टेटस दाखवणारं पानही एस-थ्रीवरच अवलंबून होतं, त्यामुळे सुरुवातीला तेही अपडेट करता येईना. तुमचा डॅशबोर्ड, चॅट, पासवर्डचा व्हॉल्ट यातलं काय त्याच यंत्रणेवर उभं आहे, हे कागदावर काढा. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका.

परत आत शिरायची वाटही आधीच तपासा. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुकच्या बॅकबोनची, म्हणजे डेटा सेंटरना जोडणाऱ्या जाळ्याची, क्षमता तपासायला दिलेल्या कमांडने सगळी डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली. अशी कमांड अडवणाऱ्या साधनातच बग होता. मग डीएनएस सर्व्हरनी (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) स्वतःचे बीजीपी मार्ग, म्हणजे इंटरनेटला आपल्यापर्यंतची वाट सांगणाऱ्या घोषणा, मागे घेतले, आणि इंजिनिअरना दुरून शिरता येईना, प्रत्यक्ष जावं लागलं. सेवा सहाएक तास बंद होती. तेव्हा आउट-ऑफ-बँड कन्सोलवर, म्हणजे वेगळ्या वाटेने सर्व्हरपर्यंत पोचवणाऱ्या कन्सोलवर, मुख्य नेटवर्क बंद ठेवून लॉगिन करून बघा. सर्व्हर रूमचं कार्ड कोणाकडे आहे, रात्री आत कोण सोडेल, हे नावानिशी ठरवा. फोन नंबर छापून घ्या.

रोलबॅकची, म्हणजे बदल मागे घेण्याची, वेळ आकड्यात लिहा: अमुक वाजेपर्यंत डॅशबोर्डवरचा आलेख पूर्ववत झाला नाही तर मागे फिरायचं, आणि तो निर्णय एकाच माणसाचा. त्याने स्वतः कीबोर्डवर बसू नये. सकाळची पाळी ज्याची आहे, त्याला या रात्री कॉलवर घेऊ नका.