जुन्या लॅपटॉपचे सुटे भाग स्वस्तात मिळवायचेत? आधी नंबर काढा, मग बाजारात जा

“चौदा इंची काळा लेनोव्हो आहे, त्याचा कीबोर्ड द्या,” असं दुकानात जाऊन म्हटलं की समोरचा माणूस आपल्याकडे एकदा बघतो आणि म्हणतो, “ठेवून जा, बघतो.” संध्याकाळी फोन येतो: कीबोर्ड मिळाला, पण आतलं अजून काहीतरी गेलंय. तो खोटंच बोलत असेल असं नाही. पण नेमकं काय गेलंय आणि त्या भागाचा नंबर काय, हेच आपल्याला ठाऊक नसेल तर घासाघीस करायची तरी कशाच्या जोरावर?

माझा थिंकपॅड टी४५० हा २०१५ सालच्या मॉडेलचा, सेकंड हँड घेतलेला. आजवर त्याचा कीबोर्ड, बाहेरची बॅटरी, रॅम आणि डिस्क बदलून झालीय. पहिल्या खरेदीत (ती बहिणीच्या लॅपटॉपसाठी होती) फसलो, पुढच्या बहुतेक सरळ पार पडल्या. फरक पडला तो एका स्टिकरमुळे.

पायरी १: खरंच तोच भाग गेलाय का?

सगळ्यात स्वस्त सुटा भाग म्हणजे जो घ्यावाच लागला नाही तो. काही बटणं चालत नसतील तर यूएसबी कीबोर्ड लावून बघा. तो नीट चालला तर दोष लॅपटॉपच्या कीबोर्डात किंवा त्याच्या पट्टीसारख्या केबलमध्ये. स्क्रीन काळी असेल तर बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र आलं तर मदरबोर्ड बहुधा शाबूत आहे. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरा. पुसटसं चित्र दिसलं तर बॅकलाइटची, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्याची भानगड. झाकण पुढे-मागे करताना चित्र येत-जात असेल, तर पॅनलच्या (स्क्रीनचा चित्र दाखवणारा भाग) आधी बिजागरातून जाणारी डिस्प्ले केबल तपासा. ती पॅनलपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

चार्जिंगच्या तक्रारीत आधी दुसरा, त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा चार्जर मागून आणा. गोल पिनेच्या डेल चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज देत नाही, चार्जर कोणता हे लॅपटॉपला सांगते. ती वाकली किंवा तिची तार तुटली तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन रडतखडत चालतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना अशाच लक्षणांवर “मदरबोर्ड गेला” असं सांगण्यात आलं होतं. शेजारच्या मुलाचा चार्जर लावला आणि मदरबोर्ड बरा झाला.

बॅटरीचं वय विंडोज स्वतःच सांगतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport) टाइप केलं की एक फाइल तयार होते. तिच्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

पायरी २: नंबर काढा

लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर मॉडेल असतं, पण तेवढ्याने भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे पॅनल आणि दिव्याचे-बिनदिव्याचे असे दोन कीबोर्ड असू शकतात. खरा नंबर त्या भागाच्या पाठीवर असतो. लेनोव्हो त्याला एफआरयू नंबर म्हणते. एचपी म्हणते स्पेअर पार्ट नंबर. डेलच्या भागांवर ‘डीपी/एन’ अशी खूण असते. मोबाइलने स्टिकरचा फोटो काढून ठेवा. आतल्या कोपऱ्यातला स्टिकर डोळ्यांनी वाचण्यापेक्षा फोटो मोठा करून वाचणं सोपं.

उघडायची भीती वाटत असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक अशा ऑफिसातल्या मालिकांची मॅन्युअलं फुकट मिळतात. कुठला स्क्रू आधी काढायचा हे त्यात चित्रांसह असतं आणि भागांचे नंबर तिथे किंवा कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत सापडतात. एका भागाला बरेचदा अनेक नंबर असतात, कारण तोच कीबोर्ड दोन-तीन कारखाने बनवतात. सगळे लिहून घ्या. एका नंबराला जिथे काहीच सापडत नाही तिथे दुसऱ्याला माल निघतो.

पॅनलचं गणित वेगळं. लॅपटॉपवर नाव कुणाचंही असो, पॅनल बनवणारे मोजकेच: एलजी, एयूओ, बीओई, इनोलक्स वगैरे. पॅनलच्या पाठीवर त्यांचा नंबर असतो. इंच, रिझोल्यूशन, कनेक्टरच्या पिना, कनेक्टरची जागा आणि स्क्रू लावायच्या बाजूच्या पट्ट्या जुळल्या तर दुसऱ्या कारखान्याचा पॅनलही सहसा चालतो. मी नेमका इथेच फसलो. बहिणीच्या लॅपटॉपसाठी मॉडेलच्या नावावर पॅनल मागवला. आला तो ४० पिनांचा, लॅपटॉपातली केबल ३० पिनांची. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला, कारण मी वरची संरक्षक फिल्म काढून टाकली होती. तेव्हापासून माझा नियम असा: जुळतंय याची खात्री होईपर्यंत फिल्मला हात लावायचा नाही.

पायरी ३: काय कशाला बसतं

रॅममध्ये डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एलला १.३५ आणि डीडीआर४ला १.२. डीडीआर३चे लॅपटॉप मॉड्यूल २०४ पिनांचे, डीडीआर४चे २६० पिनांचे. खाचच वेगळी, त्यामुळे चुकून बसत नाही. पण डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारखेच असतात, आणि टी४५०च्या काळातल्या लॅपटॉपांना ‘एल’वालाच लागतो.

डिस्कमध्ये अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) ७ मिलिमीटर जाडीची असते. जुनी हार्ड डिस्क ९.५ची असेल तर एसएसडी खणात खुळखुळते. सोबत येणारी प्लॅस्टिकची चौकट लावली की झालं. एम.२चा खाचा (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची जागा) असेल तर तो साटा मानतो की एनव्हीएमई (डिस्क जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती), आणि लांबी ४२ मिलिमीटर लागते की ८०, हे मॅन्युअलमध्ये पाहा. जुना लॅपटॉप ‘मरायला टेकलाय’ असं ज्याला आपण म्हणतो, त्यातल्या निम्म्या वेळी फिरती हार्ड डिस्कच दमलेली असते.

वायफाय कार्डाच्या बाबतीत सावध राहा. लेनोव्हो आणि एचपीच्या काही जुन्या मॉडेलांचा बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) फक्त कंपनीने मंजूर केलेलंच कार्ड स्वीकारतो. कार्ड उत्तम, किंमत कमी, आणि चालू करताच पडद्यावर एरर.

पायरी ४: नवा घ्यायचा की वापरलेला

बाजारात वापरलेल्या भागाला ‘पुलआउट’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्या मशीनमधून काढलेला. कीबोर्ड, पॅनल, बिजागर, रॅम, पंखा, बॉडी हे पुलआउट बिनदिक्कत घ्यावेत. कंपनीचा वापरलेला कीबोर्ड नव्या डुप्लिकेटपेक्षा बोटांना बरा लागतो, असं माझं मत. बॉडीसाठी दुकानदार ए, बी, सी, डी अशी अक्षरं वापरतात: ए म्हणजे झाकणाची पाठ, बी स्क्रीनभोवतीची चौकट, सी कीबोर्डभोवतीचा तळहात टेकायचा भाग, डी पोट. “सी पॅनल पाहिजे” म्हटलं की पुढचं बोलणं लवकर होतं.

एसएसडी नवीनच घ्या. बॅटरी तर नवीनच, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर.

दहा वर्षं जुन्या मॉडेलची ‘ओरिजिनल, सीलबंद’ बॅटरी म्हणजे सहसा कित्येक वर्षं गोदामात पडलेला माल. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. म्हणून नावाजलेल्या ब्रँडची, अलीकडच्या तारखेची आणि वॉरंटीची ‘कंपॅटिबल’ बॅटरी मला जास्त पटते. फक्त आकडा तपासा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास: ११.१ व्होल्ट आणि ४४०० मिलिअँपिअर-तास म्हणजे साधारण ४९. चांगल्यातला चांगला १८६५० सेल (बॅटरीच्या आतली गोल नळी) साडेबारा वॉट-तासांच्या आसपास देतो, म्हणजे सहा सेलना पंचाहत्तर. सहा सेलच्या बॅटरीवर शंभर छापलं असेल तर तिथूनच नमस्कार करावा.

अजून एक घरगुती परीक्षा: स्वयंपाकघरातला वजनकाटा. असा एक सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा, म्हणजे सहा सेलचंच वजन पावणेतीनशे ग्रॅम, वर खोकं आणि सर्किट. मी एकदा मागवलेली बॅटरी काट्यावर ठेवली, जुनीपेक्षा तब्बल शंभर ग्रॅम हलकी. तशीच परत पाठवली, लावूनही बघितली नाही.

पायरी ५: कुठे शोधायचं

मुंबईत अर्थातच लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून पत्ता विचारलात तर लोक विचारात पडतील. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. तळमजल्यावरच्या चकचकीत दुकानांपेक्षा इमारतींच्या आतल्या गाळ्यांत सुट्या भागांचा माल जास्त. पुण्यात डीसी जॅक (चार्जर खुपसायची जागा), पिना, सोल्डरिंगचं सामान यासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दिल्लीत असाल तर नेहरू प्लेस, बेंगळुरूत एस. पी. रोड.

दुकानात तीन गोष्टी मागा: समोर लावून दाखवणं, टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची हे बिलावर लिहून, आणि पक्कं बिल. कच्च्या बिलावर थोडे पैसे वाचतात, पण पंधरा दिवसांनी तो कागद कुणी ओळखत नाही.

ऑनलाइन शोधताना मॉडेलऐवजी भागाचा नंबर टाका, आणि विकणाऱ्याने स्वतः काढलेला स्टिकरचा फोटो मागा. अलीएक्सप्रेसवर भारतात नोव्हेंबर २०२०पासून बंदी आहे. परदेशातून कुणी येणार असेल तर ईबेवरचा भाग त्यांच्या पत्त्यावर मागवता येतो. मात्र सुटी बॅटरी आणायला सांगणार असाल तर ती हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगा. चेक-इन सामानात तिला परवानगी नसते.

आणखी एक मार्ग, मला सगळ्यात आवडणारा: त्याच मॉडेलचा बंद पडलेला अख्खा लॅपटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि अधिकृतपणे विंडोज ११ न चालणारी मशीनं ऑफिसांमधून बाहेर पडू लागली. मदरबोर्ड मेलेल्या मशीनमधून स्क्रीन, कीबोर्ड, बिजागर, रॅम आणि स्क्रूसुद्धा मिळतात. स्क्रूंना हसू नका, हरवल्यावर कळतं. सुट्या भागांची बेरीज त्याच मॉडेलच्या चालू, रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकलेल्या) लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर मी सरळ तो लॅपटॉपच घेतो.

पायरी ६: बसवताना

डेटाची प्रत काढा, मशीन बंद करा, चार्जर काढा. टी४५०सारख्या थिंकपॅडमध्ये आत दुसरी बॅटरी असते. ती बायोसमधल्या पॉवरच्या पानावर जाऊन आधी ‘डिसेबल’ करावी लागते. पुन्हा चार्जर जोडला की ती आपोआप जागी होते.

पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरून फोड येतो. पट्टीसारख्या केबलच्या टोकाशी एक इवलीशी काळी किंवा पांढरी झडप असते. ती नखाने उचला, पट्टी सहज सुटेल. झडप न उघडता ओढलीत तर कनेक्टरच उपटून येईल. पहिल्या वेळी मला कीबोर्डला पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं या एका झडपेपुढे.

जुनी बॅटरी फुगलेली असेल (टचपॅड वर आलेला दिसतो) तर ती दाबू नका, टोचू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलनात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. जुना कीबोर्ड मात्र मी ठेवून दिलाय. परवा नव्याचं ‘एम’ निखळलं, तेव्हा जुन्यावरचं काढून बसवलं.