ब्रेस्टच्या ऑपरेशनला ॲडमिट व्हायच्या आधी: माणसं, फाईल, घर आणि मग बॅग

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की बायका पहिली बॅग काढतात आणि काय काय भरू विचारतात. बॅग सगळ्यात शेवटी भरा, अर्ध्या तासाचं काम आहे ते. हॉस्पिटलात तुम्ही दोन-चार दिवस असता, काही ठिकाणी तर दुसऱ्याच दिवशी सोडतात, पण एक हात खांद्याच्या वर न नेता आणि कमरेशी ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाटलीत काढणारी नळी, सांभाळत घरात वावरायचं, ते पुढे एक-दोन आठवडे सहज चालतं. तयारी करायची ती त्या दिवसांची. माझं ऑपरेशन झालंय, मी ठाण्यात राहते, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, त्यामुळे माझी यादी अशाच घरातून आलेली आहे.

आधी माणसं. हॉस्पिटलात रात्री कोण थांबणार, घरी कोण थांबणार, पाणी कोण भरणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, ही नावं कागदावर लिहून काढा आणि ज्याचं नाव लिहिलंय त्याला तसं स्पष्ट सांगा, कारण "बघू, करू सगळे मिळून" म्हटलं की शेवटी कोणीच करत नाही आणि तुम्ही चौथ्या दिवशी बादली उचलता. वॉर्डात राहायला शक्यतो बाईमाणूस लागतं, काही ठिकाणी फीमेल वॉर्डात रात्री पुरुषांना थांबूच देत नाहीत, ते आधी विचारून घ्या. बहीण, जाऊ, नणंद, शेजारच्या वहिनी, जिच्यासमोर गाऊन सोडायला तुम्हाला संकोच वाटणार नाही ती. नात्याने जवळची म्हणून नको, स्वभावाने शांत असलेली हवी. कामवाल्या मावशींना महिनाभर एक वेळ जास्त येता येईल का विचारा, पैसे आधी ठरवा. आणि फोन घ्यायला एकच माणूस नेमा, ऑपरेशन झालं की तोच सगळ्यांना एक मेसेज टाकेल, नाहीतर तुमच्या नवऱ्याचा सगळा दिवस "कशी आहे ती" याची उत्तरं देण्यात जातो आणि डॉक्टर बाहेर येऊन नाव पुकारतात तेव्हा तो फोनवर असतो.

मुलांना सांगा. लहान असलं तरी सांगा की आईच्या छातीत गाठ आहे, ती डॉक्टर काढणार आहेत, काही दिवस उचलून घेता येणार नाही, पण दुसऱ्या बाजूने कुशीत यायचं. मुलांना घरातली कुजबुज कळतेच, आणि नीट सांगितलं नाही तर ती त्याहून भयंकर काहीतरी मनात धरतात.

मग फाईल. एकच जाड फाईल करा, तारखेप्रमाणे लावा, आणि प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये आणि आणखी एकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सीचा रिपोर्ट, त्यातलं ईआर, पीआर आणि हर-टू (गाठ हार्मोन्सवर किंवा हर-टू प्रोटीनवर वाढते का ते यावरून कळतं), पेट स्कॅन किंवा सीटी केलं असेल तर त्याची फिल्म किंवा सीडी, आधी केमो झाली असेल तर त्याचे कागद. बायोप्सी दुसरीकडे झाली असेल तर तिथून ब्लॉक आणि स्लाईड, म्हणजे मेणात जपलेला तुकडा आणि त्याच्या काचपट्ट्या, मागून घ्या, बरीच मोठी हॉस्पिटलं त्या स्वतःच्या पॅथॉलॉजीत परत बघतात, आणि ब्लॉक मिळवायला लॅबमध्ये अर्ज, सही, हेलपाटे असं होतं, म्हणून हे काम तारीख मिळाल्याच दिवशी कोणाकडे तरी सोपवा. भूलवाल्या डॉक्टरांची तपासणी, म्हणजे पीएसी, त्यात ईसीजी, छातीचा एक्सरे, रक्त, बऱ्याचदा टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तो फिटनेसचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर.

पैशांचं. मेडिक्लेम असेल तर हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कला, म्हणजे क्लेमचं काम बघणाऱ्या काउंटरला, आठवडाभर आधी जा, रूम रेंटची लिमिट किती ते पॉलिसीत बघा, कारण लिमिटपेक्षा महागडी रूम घेतली तर काही पॉलिसीत नुसतं रूमचंच नाही तर बाकीच्या बिलातूनही त्या प्रमाणात कापतात. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसची मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासात द्यायची असते, हे माहीत असलं की काउंटरवर बोलायला जोर येतो. तरी थोडी रक्कम हाताशी ठेवाच, ग्लोव्हज वगैरे वस्तू बऱ्याच पॉलिसीत क्लेममध्ये बसत नाहीत. मेडिक्लेम नसेल तर महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी बघायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या माणसाच्या, काउंटरवर जायचं. दोन्हीवरचं नाव सारखं हवं, लग्नाआधीचं एकावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असलं की अडतं, तर ते आजच बघून घ्या. परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकला (तेही टाटाचंच) ट्रीटमेंट असेल तर तिथल्या सोशल वर्करना भेटा, मदतीचे फॉर्म कुठले आणि कसे भरायचे ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

सर्जनला काय विचारायचं ते वहीत लिहून न्या, समोर बसलं की सगळं विसरायला होतं. फक्त गाठ काढणार की पूर्ण ब्रेस्ट? फक्त गाठ काढली तर पुढे रेडिएशन बहुतेक लागतंच, ते कुठे आणि किती आठवडे? काखेतल्या एक-दोनच गाठी (लिम्फ नोड, त्या सगळ्यांनाच असतात) तपासणार की सगळ्या काढणार? काही वेळा ती काखेतली गाठ ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनला, म्हणजे गोठवून लगेच तपासायला, पाठवतात आणि रिपोर्टवर तिथेच ठरतं, म्हणजे तुम्ही भुलीत असताना निर्णय होतो, आणि म्हणून कन्सेंट फॉर्मवर दोन्ही शक्यता लिहिलेल्या असतात, तो फॉर्म आदल्या दिवशी मागून घरच्यांबरोबर वाचा, स्ट्रेचरवर सही करायची पाळी आणू नका. रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे ब्रेस्टचा आकार परत बनवणं, हवं असेल किंवा नको असेल तर तेही आत्ताच बोला, वय काय, आता काय करायचंय वगैरे कोणी म्हणत असेल तर म्हणू दे, शरीर तुमचं आहे आणि विचारायचा हक्क तुमचा आहे.

गोळ्यांच्या बाबतीत एकच, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका आणि काही लपवूही नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या, बीपीच्या, थायरॉईडच्या, सगळ्यांची पाकिटंच पीएसीला घेऊन जा. शुगरच्या काही गोळ्या, डापाग्लिफ्लोझिनसारख्या, साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. वैद्यांचे काढे, चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल, फिश ऑईल हेसुद्धा सांगा. आणि मशेरी. आपल्याकडे कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका, सांगा आणि सोडायचा प्रयत्न तारीख मिळाल्यापासूनच सुरू करा.

दागिन्यांचं आदल्या दिवसावर ठेवू नका. ऑपरेशनमध्ये कापायला आणि रक्त थांबवायला विजेवर चालणारी कॉटरी वापरतात, धातू अंगावर असला तर भाजायची भीती असते, म्हणून जोडवी, चमकी, कानातलं, मंगळसूत्र, सगळं काढायचं. वर्षानुवर्षं न काढलेली चमकी घरी निघत नाही, सोनाराकडे जा. घट्ट बसलेल्या बांगड्या कासाराकडून काढून घ्या. बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवताना खूप जणींना रडू येतं, सासूबाईंना किंवा आईला तर त्याहून जास्त वाईट वाटतं, म्हणून घरी शांतपणे, देवापाशी बसून, ज्याच्याकडे द्यायचं त्याच्या हातात द्या, वॉर्डात घाईघाईत नको. नेलपेंट आणि मेंदी नको, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात तिथे रीडिंग नीट यायला हवं. काखेतले केस घरी रेझरने काढू नका, बारीक कापलं तरी इन्फेक्शनला वाट मिळते, लागलं तर हॉस्पिटलवाले क्लिपरने काढतात.

आता घर, आणि इथे जरा वेळ द्या. ओट्याच्या वरच्या फळीवरचं रोजचं सगळं खाली कमरेच्या उंचीला आणा, चहा-साखर, मीठ, मसाल्याचा डबा, औषधं. पाच किलोचा तांदळाचा डबा असेल तर एक किलो छोट्या डब्यात काढा. प्यायचं पाणी छोट्या बाटल्यांत. कुकरचं झाकण, मिक्सरचं भांडं, घट्ट बरणी यातलं काहीच एका हाताने होत नाही, तेव्हा तो स्वयंपाक दुसऱ्याचा असं मनाशी पक्कं करा. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल आणि हलका मग. टॉयलेटचा जेट कुठल्या बाजूला आहे बघा, उजव्या बाजूचं ऑपरेशन असेल आणि जेट उजवीकडेच असेल तर डाव्या हाताला पोचणार नाही, बाजूला टमरेल भरून ठेवायची सोय करा. पलंगाची बाजू बदला: चांगला हात पलंगाच्या मोकळ्या कडेला यायला हवा, कारण उठताना त्याच कुशीवर वळून त्याच हातावर जोर द्यायचा असतो. डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर उजव्या कडेने उठायचं. हाताखाली घ्यायला दोन पातळ उशा. फोनचा चार्जर, पाणी, बाम, चष्मा सगळं त्याच बाजूला.

कपडे घरी आणि हॉस्पिटलात तेच. समोरून पूर्ण उघडणारे कॉटनचे गाऊन, एक साईज मोठे, नाहीतर नवऱ्याचे जुने मऊ शर्ट. डोक्यावरून घालायचं काहीच नको. परकराच्या नाडीची गाठ एका हाताने बसत नाही, दोन परकरांना इलॅस्टिक घालून घ्या किंवा इलॅस्टिकच्या पँट घ्या. ड्रेनसाठी जुन्या ओढणीची छोटी पिशवी शिवा, लांब पट्ट्याची, म्हणजे गळ्यात तिरकी अडकवता येते आणि बाटली जखमेच्या खाली राहते. दोन शिवा, एक धुवायला. ब्रा कधी, कुठली, ते सर्जन सांगतील तेव्हाच, तोपर्यंत बाहेर जाताना आत घालायला मऊ कापसाचं पॅड मिळतं किंवा घरी करता येतं. सिलिकॉनचं, वजनाचं प्रोस्थेसिस, म्हणजे ब्रामध्ये घालायचं कृत्रिम ब्रेस्ट, जखम पूर्ण भरल्यावर.

बॅगेत मग फार काही उरत नाही: हे गाऊन, चप्पल न घसरणारी, ब्रश-कंगवा, लांब वायरचा चार्जर, छोटी वही-पेन, झाकणाची बाटली, स्ट्रॉ, ओठांना लावायला काहीतरी कारण घसा-ओठ खूप सुकतात, आणि सोबतच्या माणसासाठी चादर, शाल आणि बिस्किटं. एसी वॉर्डात रात्री कुडकुडायला होतं. किमती काहीही नको.

आदल्या दिवशी केसांवरून अंघोळ करा आणि घट्ट वेणी घाला, नंतर बरेच दिवस हात डोक्यापर्यंत जात नाही. सकाळी परत अंघोळ, पण पावडर, क्रीम, डिओ नाही. उपाशी किती वेळ राहायचं ते भूलवाले डॉक्टर सांगतात, साधारण हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, "कपभर चहाने काय होतंय" म्हणणाऱ्या मावश्यांचं ऐकू नका. निघताना घोडबंदर रोड किंवा ऐरोलीकडचा ट्रॅफिक धरून निघा, पावसाळ्यात तर आदल्या रात्रीच ॲडमिशन मिळतं का विचारा. डबा आणणाऱ्यांना ठाण्याहून पनवेल लोकल सोयीची आहे, नेरूळ, खारघर कुठेही उतरता येतं, पण पेशंटला परत आणताना कारच करा, खड्ड्यांतून रिक्षाचा धक्का सहन होत नाही. सीटबेल्ट आणि छातीच्या मध्ये छोटी उशी ठेवा.

ऑपरेशनच्या सकाळी जो येईल तो नाव आणि कुठली बाजू विचारेल, सर्जन पेनने खूण करतील, दहा वेळा विचारलं तरी दहा वेळा सांगा, ते तुमच्यासाठीच आहे. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा नको, हे प्रत्येक ड्यूटी बदलली की सोबतच्या माणसाने सांगायचं. बाहेर बसणाऱ्यांना आधीच कल्पना द्या की ऑपरेशन दोन-तीन तासांचं असलं तरी थांबणं, भूल, रिकव्हरी धरून अर्धा दिवस जातो, उशीर म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही. काखेतल्या गाठी शोधायला निळा डाय वापरला असेल तर लघवी एक-दोन दिवस हिरवी-निळी होते. काखेच्या आतल्या बाजूला, दंडाला बधिर वाटतं, ते काखेतल्या नसेमुळे, कधी कमी होतं कधी थोडं राहतं.

ड्रेन रिकामा करायला नर्सकडून दोघांनी शिका, तुम्ही आणि घरचं एक माणूस, आणि डिस्चार्जच्या गडबडीत नाही, आदल्या दिवशी शिका. हात धुवायचे, मापाच्या कपात ओतायचं, बाटली दाबून हवा काढून मगच बूच लावायचं, नाहीतर ती ओढत नाही. तारीख, वेळ, किती एमएल, रंग कसा, वहीत लिहायचं. लाल, मग गुलाबी, मग पिवळट असा रंग उतरत जातो आणि २४ तासांत साधारण ३० एमएलच्या खाली आलं की काढतात, पण ते डॉक्टर ठरवतील. अचानक लालभडक भरायला लागलं, एकदम बंद होऊन छाती फुगली, वास आला, १०० च्या वर ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, फोन करायचा. कुठल्या नंबरवर, रात्री कोण उचलतं, ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

हाताचे व्यायामही ऑपरेशनच्या आधीच बघून ठेवा, फिजिओ शिकवतात. आधी मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं, आणि परवानगी मिळाली की भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढणं. भिंतीवर पेन्सिलने रोज खूण करा, रंग खराब होईल म्हणू नका. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून बसलेल्या बायकांचा खांदा आखडतो आणि रेडिएशनला हात वर धरावा लागतो तेव्हा फार त्रास होतो.

पहिल्यांदा ड्रेसिंग उघडेल तेव्हा बघायचं की नाही हे तुम्ही ठरवा. कोणी लगेच बघतं, कोणी महिन्याने, दोन्ही बरोबर. नवऱ्याशी याबद्दल आधी एकदा बोला, दार लावून, तो घाबरलेला असतो आणि काय बोलू कळत नाही म्हणून गप्प बसतो, आणि तुम्हाला ते गप्प बसणं नकोसेपणाचं वाटतं. फार जड झालं तर हॉस्पिटलात काउन्सेलर असतात, त्यांचा वेळ मागून घ्या.

आणि कॅलेंडरवर एक तारीख आत्ताच धरून ठेवा, बायोप्सीच्या मोठ्या रिपोर्टची. काढलेला भाग तपासून यायला आठवडा-दोन आठवडे जातात, त्यात कडा क्लिअर आहेत का, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही ना, काखेतल्या किती गाठींत सापडलं, ते येतं आणि पुढची केमो, रेडिएशन, गोळ्या त्यावरून ठरतं. त्या अपॉइंटमेंटला एकटीने जायचं नाही. ऐकायला एक आणि लिहून घ्यायला एक असं माणूस बरोबर हवं, तेव्हा त्या दिवसाची रजा कोण टाकणार ते ॲडमिट व्हायच्या आधीच ठरवून टाका.