बॉम्बे रक्तगट टेस्ट ट्यूबमध्ये कसा पकडायचा

नमुन्यावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं आहे आणि फ्रीजमधली ओ ची प्रत्येक बॅग क्रॉसमॅचला (रुग्णाचं सिरम आणि बॅगेतल्या पेशी जुळतात का, ही चाचणी) लावली तरी पेशी चिकटतात. अशा वेळी सहावी-सातवी बॅग शोधत वेळ घालवू नका. बॉम्बे रक्तगट आहे का, ते आधी बघा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट नोंदवला. भारतात साधारण दहा हजारांत एकाला तो असतो, म्हणजे नाशिकच्या रक्तपेढीत कधीतरी गाठ पडणारच.

घोळ कुठे होतो ते आधी समजून घेऊ. १९व्या गुणसूत्रावर एफयूटी१ नावाचं जनुक आहे. त्याचं एन्झाइम लाल पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाला, गॅलॅक्टोजवर, फ्युकोजचा एक रेणू बसवतं. हाच एच अँटिजेन, म्हणजे गट ओळखायची पेशीवरची खूण. ए गटाचं एन्झाइम त्यावर एन-अॅसिटिल गॅलॅक्टोसामीन चढवतं, बी गटाचं गॅलॅक्टोज. ओ गटात वर काहीच चढत नाही, एच उघडा राहतो. आई-वडील दोघांकडून बिघडलेलं एफयूटी१ आलं, तर पायाच नाही. मग जनुकाने ए किंवा बी असलेला माणूसही ओ सारखा दिसतो आणि त्याच्या सिरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवात) जोरदार अँटी-एच, म्हणजे एचविरुद्धची अँटिबॉडी, तयार असतं. भारतात नेहमी आढळणाऱ्या प्रकारात एफयूटी१ मध्ये ७२५व्या जागी टी ऐवजी जी असतो आणि शेजारचं, लाळेत एच बनवणारं एफयूटी२ पुसलेलंच असतं, त्यामुळे लाळेतही एच सापडत नाही.

नुसत्या स्लाइडवर अँटी-ए आणि अँटी-बी लावून हे कधीच कळणार नाही. ट्यूब लावा.

रुग्णाच्या पेशी ०.९ टक्के सलाइनने तीनदा धुवा. १ थेंब धुतलेल्या पेशी आणि १९ थेंब सलाइन मिसळलं की ५ टक्क्यांचं सस्पेन्शन होतं. फॉरवर्डसाठी, म्हणजे रुग्णाच्या पेशी तपासायला, अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एबी, प्रत्येकी १ थेंब, त्यात १ थेंब सस्पेन्शन. रिव्हर्सला, म्हणजे रुग्णाचं सिरम तपासायला, चार ट्यूब घ्या: प्रत्येकीत रुग्णाचं सिरम २ थेंब आणि अनुक्रमे ए१, बी, ओ आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी १ थेंब. सेंट्रिफ्यूजमध्ये १००० आरपीएमवर १ मिनिट फिरवा, मग तळाशी बसलेला पेशींचा गोळा (बटण) हलक्या हाताने सोडवत वाचा. जोरात झटकलं तर कमजोर रिअॅक्शन हातची जाते.

बॉम्बेचं चित्र असं दिसतं: फॉरवर्डच्या तिन्ही ट्यूब निगेटिव्ह, ए१, बी आणि ओ पेशींशी ४+ (सगळ्यात जोरदार चिकटणं), आणि स्वतःच्या पेशींशी काहीच नाही. ओ पेशींची ट्यूब वगळायची सवय बऱ्याच ठिकाणी असते, आणि सगळी चूक तिथेच होते. वरचं द्रव लालसर दिसलं तर तेही पॉझिटिव्हच धरा, पेशी फुटल्यात. ईडीटीएचा (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लाझ्मा वापरला तर हे फुटणं दिसत नाही, कारण कॉम्प्लिमेंटला, म्हणजे पेशी फोडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना, लागणारं कॅल्शियम त्यात बांधलं जातं. म्हणून साध्या ट्यूबमधलं सिरमच घ्या.

आता अँटी-एच लेक्टिन, म्हणजे एचला चिकटणारं वनस्पतीतलं प्रथिन. ते युलेक्स युरोपियस या झुडपाच्या बियांतून काढतात, जसं आपल्या हुलग्याच्या दाण्यांतून अँटी-ए१ निघतं. १ थेंब लेक्टिन, १ थेंब रुग्णाच्या पेशी. शेजारी ओ पेशींचा कंट्रोल हवाच. कंट्रोल ४+ आणि रुग्ण निगेटिव्ह, तरच निकाल ग्राह्य. कंट्रोल म्हणून एबी पेशी घेऊ नका; ए१बी पेशींवर एच इतका कमी उरतो की चांगलं लेक्टिनही खराब वाटतं.

लेक्टिनशी रुग्णाच्या पेशी नीट चिकटल्या, तर तो खरा ओ आहे आणि गडबड सिरममधल्या दुसऱ्याच अँटिबॉडीची आहे. स्वतःच्या पेशींची ट्यूबही पॉझिटिव्ह आली, तर थंडीत काम करणाऱ्या ऑटोअँटिबॉडीचा (स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी) संशय घ्या. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा लॅबच्या टेबलापर्यंत येतो, तेव्हा हे हमखास फसवतं. सिरम आणि पेशी वेगवेगळ्या ३७ अंशांवर गरम करा, मगच मिसळा आणि ३० मिनिटांनी वाचा. थंडीतली रिअॅक्शन ओसरते, बॉम्बेचं अँटी-एच ३७ अंशांवरही टिकतं.

पॅरा-बॉम्बे, म्हणजे पेशींवर एच नाही किंवा नावापुरता पण लाळेत सापडू शकतो असा प्रकार, वेगळा काढायला लाळ तपासा. २ मिली लाळ उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवा, गार करून फिरवा, वरचं स्वच्छ द्रव घ्या. न उकळलेल्या लाळेतली एन्झाइम्स अँटिजेन खातात. लेक्टिन आधी इतकं पातळ करा की ओ पेशींशी २+ येईल. तीव्र ठेवलं तर लाळेतला एच त्याला पुरा पडत नाही आणि निकाल खोटा निगेटिव्ह येतो. लाळ आणि लेक्टिन १-१ थेंब, १० मिनिटं थांबा, मग १ थेंब ओ पेशी. चिकटल्या नाहीत तर लाळेत एच आहे. लाळेऐवजी सलाइन घातलेली ट्यूब सोबत लावा, ती चिकटलीच पाहिजे.

पक्क्या निदानासाठी साधा आणि ईडीटीए, दोन्ही नमुने मुंबईला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेकडे पाठवता येतात. त्याच दिवशी सख्ख्या भावंडांना बोलवा. आई-वडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक भावंडाला हा गट असण्याची शक्यता २५ टक्के. आरएचडी (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह) वेगळं तपासा, तेही जुळायला हवं. लाल पेशी फक्त बॉम्बेच्याच चालतात, ओ निगेटिव्हसुद्धा नाही. प्लाझ्मा मात्र कुठल्याही गटाचा चालतो, कारण या पेशींवर ए, बी, एच यातलं काहीच नसतं.

बाहेरगावाहून बॅग येणार असेल तर पेटीतलं तापमान २ ते १० अंश राहील असं बघा. कसारा घाटात गाडी अडकली तर दोन-तीन तास सहज जातात. बर्फाची पाकिटं आणि बॅग यांच्यामध्ये जाड पुठ्ठा ठेवा. बर्फ थेट टेकला की त्या बाजूच्या पेशी गोठून फुटतात आणि महत्प्रयासाने मिळालेली बॅग वाया जाते.